चूलबंद आवतण

अमेरिकेतल्या काही लोकांनी चारशे वर्षांपूर्वी पोटभर जेवून कोणाचे तरी आभार मानले, याचा त्रास पिंपळकोंडच्या जुल्फिकार मुकादमांना होण्याचं तसं काही कारण नव्हतं. महाडहून वरंधकडे जाताना डाव्या हाताला वळलं की पिंपळकोंड. वर मोहल्ला, खाली वाडी. मोहल्ल्यातली निम्मी घरं कुलूपबंद, कारण माणसं आखातात. अशा ठिकाणी बँकेतून निवृत्त झालेल्या माणसानं सकाळी पेपर वाचावा आणि दुपारी तोच पुन्हा वाचावा, अशी एकंदर व्यवस्था होती.

ती मोडली नातवंडांनी. नवरा शहबाजला मस्कतलाच ठेवून त्यांची मुलगी रिझवाना जूनमध्ये मुसैब आणि मेहविशला घेऊन आली, तेव्हा मुलांची शाळाही लॅपटॉपमधून बरोबर आली. अभ्यासक्रम अमेरिकेचा, शिकवायला घरात आई, आणि महिन्यातून एकदा पडद्यावर उगवणारी एक हसरी मॅडम. या मॅडमनं नोव्हेंबरात फर्मान काढलं की प्रत्येक मुलानं आपल्या गावात, गावातल्या मुलांना घेऊन, थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे त्या आभाराच्या जेवणाचं, नाटक करावं आणि त्याचा व्हिडिओ पाठवावा. ‘गावातल्या मुलांना घेऊन’ हे शब्द तिनं जाड अक्षरांत लिहिले होते.

खरी अडचण तिथंच होती. दहा वर्षांच्या मुसैबला गावात एकही मित्र नव्हता. तो पडवीत बसून रस्त्याकडे बघायचा आणि कोणी हाक मारली की आत पळायचा. मराठी त्याला येत होतं, पण ते तो फक्त नानीशी बोलायचा, आणि तेही कोणी झोपलं असावं अशा आवाजात. धाकटी मेहविश भावाच्या मागे मागे. रिझवाना बोलायला सरळ. तिनं वडिलांना सांगूनच टाकलं होतं, “अब्बा, डिसेंबरपर्यंत बघते. पोरं नाही रमली तर आम्ही परत शहबाजकडे. एका खोलीत राहू, पण एकत्र राहू.”

जुल्फिकारांना ही नातवंडं घरात हवी होती. दुसरं काही नाही. उंबऱ्यात लहान मापाच्या चपला आडव्यातिडव्या पडलेल्या असाव्यात आणि त्यावरून आपण ओरडावं, एवढंच. हे बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त घसा साफ करून जाहीर केलं, “नाटक मी बसवतो.”

त्यांचा अधिकार तसा मोठा होता. बँकेच्या नाट्यस्पर्धेत त्यांना एकदा इन्स्पेक्टरच्या भूमिकेसाठी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. त्यांच्या पत्नी कमरजहाँ म्हणायच्या की तो इन्स्पेक्टर शेवटच्या प्रवेशात येतो आणि ‘चला’ एवढंच बोलतो. पण ते ‘चला’ कसं बोलतो, हे त्या कधी सांगत नसत.

नाटक इंग्रजीत होतं. जहाजातून काही लोक येतात, थंडीत उपाशी मरायला लागतात, तिथले मूळचे गाववाले त्यांना मका पेरायला शिकवतात, पीक येतं, आणि आलेले लोक गाववाल्यांना जेवायला बोलावतात. संपलं. जुल्फिकारांनी त्याचं मराठी करायला घेतलं. मक्याच्या जागी नाचणी घातली, कारण या डोंगरात मका म्हटलं की पोरांना बसस्टँडवरचं भाजलेलं कणीस आठवतं. मेजवानीतला टर्की पक्षी पुठ्ठ्याचा करायचा ठरवला. आणि शेवटी, जहाजाचा कप्तान गाववाल्यांना म्हणतो की कृपया आमच्या मेजवानीला या, तिथे ते अडले. ‘कृपया या’ म्हणून या भागात मांजरही येत नाही. दोन दिवस विचार करून त्यांनी वाक्य लिहिलं आणि स्वतःच उठून उभे राहिले.

“ऐका हो गावकऱ्यांनो! पीक हाताला आलंय. उद्या दुपारी आमच्या अंगणात जेवायला यायचं. पोराबाळांसकट, पैपाव्हण्यांसकट. कोणाच्या घरात चूल पेटायची नाय. चूलबंद आवतण हाय!”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. साधं आवतण म्हणजे घरटी एक माणूस. चूलबंद म्हणजे अख्खं घर, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत, आणि त्या दिवशी मुक्कामाला कोणी आलेला असेल तर तोसुद्धा. त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही. पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान. असं आवतण लग्नाला किंवा तसल्याच मोठ्या कार्याला दिलं जातं, आणि देणारा आधी शंभरदा विचार करतो.

मुलं मिळवायला जुल्फिकार वाडीतल्या शाळेत गेले. तिथल्या प्रियदर्शिनी मॅडम हसतमुख होत्या, पण त्यांच्या टेबलावर सर्वेक्षणाचा कागद होता.

“बरं झालं आलात. तुमची दोन मुलं माझ्याकडे शाळाबाह्य दिसतायत. कारण लिहायचंय. गुरं राखतात का?”

“मॅडम, ती घरी अमेरिकन अभ्यासक्रम शिकतात.”

“तो रकाना नाही. वीटभट्टी आहे, गुरं राखणं आहे, स्थलांतर आहे.”

चौतीस वर्षं दुसऱ्यांना रकाने भरायला लावलेला माणूस शेवटी ‘स्थलांतर’वर तयार झाला. त्या बदल्यात मॅडमनी सहा मुलं दिली, आणि कार्यक्रमात आपलं ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर थोडं मनोगत असेल, असंही सांगितलं.

सहाही मुलांना जहाजातले लोक व्हायचं होतं, कारण त्यांना चार्टपेपरच्या काळ्या उंच टोप्या होत्या. गाववाले व्हायला कोणी तयार होईना. वाडीतल्या हैबतीचा नातू ऋत्विक म्हणाला, “गाववालं तर आमी रोजच हाव. त्यात काय नाटक?” अखेर त्याला गाववाल्यांचा मुखिया केलं आणि हातात भाला दिला, तेव्हा प्रकरण मिटलं.

हैबती स्वतः तालमीला येऊन बसू लागला. सल्ले सगळेच देत होते. टोप्या बघून कोणी म्हणालं बँडवाले वाटतात, कोणी म्हणालं नाटकात एक तरी मारामारी पाहिजे. हैबतीनं मात्र गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, “जेवणं झाल्यावर मंग त्या गाववाल्यांची जमीन त्यांच्या नावावं ऱ्हायली काय?”

“नाटकात ते नाहीये,” जुल्फिकार म्हणाले.

“नसायचंच,” हैबती म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

लाउडस्पीकरच्या परवान्यासाठी ठाण्यात जावं लागलं. हवालदारांनी अर्ज उलटापालटा करून बघितला.

“धार्मिक, राजकीय, की लग्न?”

“आभार.”

“म्हणजे सत्कार?”

“नाही हो, नाटक आहे. आभार मानण्याचं.”

“कोणाचे आभार?”

जुल्फिकारांनी मनातल्या मनात सगळी संहिता फिरवली. त्यात शेवटी सगळे जण आभारी आहोत, आभारी आहोत म्हणत होते, पण नक्की कोणाचे याबाबत अमेरिकन मॅडमनं स्पष्टता ठेवली नव्हती.

“कोणाचे ते कळायला हवं, साहेब,” हवालदार समजुतीनं म्हणाले. “उद्या तुम्ही एकाचे मानलेत आणि दुसरा उठला, माझे का नाही म्हणून, तर बंदोबस्त आम्हाला लावावा लागतो.”

‘सर्वांचे’ असं लिहून जुल्फिकारांनी सही केली. सर्वांचे म्हटल्यावर तो मोठा कार्यक्रम झाला, आणि मोठ्या कार्यक्रमाला अर्जाच्या दोन प्रती लागतात.

शनिवारी दुपारी चंदू साउंडवाला आला. कर्णे मुकादमांच्या छपरावर न लावता त्यानं खाली वळणावर, हैबतीच्या आंब्यावर, वाडीकडे तोंड करून बांधले. आवाज जिथं ऐकायचे लोक असतील तिथं पाहिजे, हे त्याचं शास्त्र. लांबलचक वायर वर घरात आणली, माइक मुसैबच्या हातात दिला, “बंद हाय, सवय करा,” म्हणाला आणि चहाला गेला. कमरजहाँ आणि रिझवाना कपडेपटासाठी महाडच्या बाजारात गेल्या होत्या. उद्याचं नाटक कोणी आधी बघू नये म्हणून जुल्फिकारांनी माजघराची दारंखिडक्या लावून घेतली, आणि वर पंखा सुरू केला, ज्याचा आवाज जुन्या गिरणीसारखा होता.

मुसैब ते शेवटचं वाक्य बोलला. त्याच्या शेजारच्या मेहविशलासुद्धा ते ऐकू गेलं नाही.

“पोटातून बोल,” जुल्फिकार म्हणाले.

तो पुन्हा बोलला. पोटातलं पोटातच राहिलं. तेव्हा ऋत्विक पुढे झाला. “आरं, पलीकडच्या डोंगरावं गुरं हायत नि तुला हाक मारायची हाय, आसा बोल.” आणि त्यानं तशी हाक मारून दाखवली. मुसैब हसला. मग त्यानंही मारून बघितली. मग वाक्य म्हटलं. मग दोघांनी चढाओढ लावली. पाचव्या वेळी मुसैबनं डोळे मिटून असा काही आवाज काढला की जुल्फिकारांच्या अंगावर काटा आला. हाच तो पोरगा, असं त्यांना वाटलं आणि चष्मा पुसावा लागला.

माइक बंद नव्हता. पाचही वेळा ते आवतण आंब्यावरून अख्ख्या वाडीत गेलं होतं. तालमीला बसणाऱ्या हैबतीनंही ते वाक्य मुसैबच्या पुटपुटण्यात कधी ऐकलं नव्हतं, आणि पोरांना विचारतो कोण. नातवंडं मस्कतहून येऊन पाच महिने झाले तरी मुकादमांनी जेवण घातलं नाही, हे वाडीच्या मनात होतंच. आता खुद्द नातवाच्या तोंडून, एकदा नव्हे पाचदा, चूलबंद आलं म्हटल्यावर शंका घ्यायचं कोणाला कारणच उरलं नाही.

संध्याकाळी जुल्फिकार दूध आणायला उतरले, तर जो तो थांबून बोलत होता.

“साहेब, उद्या कितीला यायचं?”

“बाराला या.”

“बायकापोरांना घेऊन?”

“अर्थात! सगळ्यांनीच यायचं.”

“धनगरवाड्यातली मानसा पन?”

“का नाही? कला सर्वांसाठी असते,” जुल्फिकार म्हणाले. नाटकाची एवढी आवड या गावात आहे, हे आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

रविवारी सकाळी ते आरशासमोर काळी टोपी घालून सूत्रधाराचं निवेदन म्हणत होते, तेवढ्यात कमरजहाँ मागच्या दारातून आत आल्या.

“अहो, वाडीत आज धूर नाय.”

“मग?”

“मग काय मग? गॅस असला तरी पाणी नि भाकरी चुलीवरच असते. आज एका घरातून धूर नाय. कोण गेलं की काय, बघा जरा.”

बघायला जावं लागलं नाही. हैबतीची बायको बनुबाई पत्रावळींचा गठ्ठा काखेला मारून मागच्या अंगणात आली. “कमी पडतील म्हनून आणल्यान गो,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात डोकावून तिचा चेहरा बदलला. तिथं पुठ्ठ्याचा एक पक्षी होता आणि पाच जणांपुरत्या खिचडीची तयारी होती.

पुढच्या दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला. जुल्फिकार टोपीसकट खुर्चीत बसले. साठ-सत्तर घरं, म्हणजे तीनशे माणसं. बँकेतल्या माणसाचं डोकं अशा वेळी नको तितकं जलद चालतं. ते उठले. “मी माइकवरून सांगतो. ते नाटकातलं वाक्य होतं, गैरसमज झाला, क्षमस्व.”

“खबरदार,” कमरजहाँ म्हणाल्या. “आवतण कोणाच्या तोंडून गेलंय?”

जुल्फिकार थांबले. दारात मुसैब उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कप्तानाचा लांब काळा कोट घालून, खाली मान घालून, तो हळूच म्हणाला, “नाना, त्यांना खरं वाटलं?”

या पोरानं पाच महिन्यांत गावाशी पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, आणि गावानं त्याच्या शब्दावर चुली विझवल्या होत्या. ते वाक्य मागे घेतलं असतं तर तो पुन्हा कधी मोठ्यानं बोलला नसता. हे जुल्फिकारांना इतकं स्वच्छ दिसलं, की त्यांनी टोपी काढून ठेवली आणि विचारलं, “काय करायचं सांग.”

कमरजहाँनी बनुबाईकडे बघितलं. “बनुबाय, तुझ्यापासून काय लपवायचं? चुकून झालं.”

बनुबाई पदर तोंडाला लावून एवढी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग म्हणाली, “चूल पेटवायची नाय म्हनून सांगितलाव. तांदूळ आणायचं नाय आसं कुटं बोललाव? नवा भात घराघरात हाय. बाप्यांना कळायला नको. आम्ही मागच्या दारानं येताव, तुमी त्यांना फुडं बसवून ठेवा.”

“नाटक लांबवा,” कमरजहाँ नवऱ्याला म्हणाल्या.

“लांबवा म्हणजे? पाऊण तासाचं आहे.”

“भात शिजेपर्यंत संपवू नका.”

दिग्दर्शकाला नाटकाच्या रचनेबद्दल इतकी स्पष्ट सूचना क्वचितच मिळत असेल. समोरच्या अंगणात पुरुष आणि पोरं येऊन बसत होती, हातपाय धुऊन, स्वच्छ कपड्यांत, नजर स्वयंपाकघराकडे. मागच्या दारानं सुपांतून तांदूळ येत होता, भोपळे येत होते, वाल येत होते, कोणाची हळद, कोणाचं खोबरं. वाडीतल्या माळकरी मंडळींसाठी बनुबाईनं आपल्या घरचा टोप आणून वेगळी चूल मांडली. दुसऱ्या चुलीवर कमरजहाँनी आपल्या खुराड्यातल्या कोंबड्या चढवल्या. जुल्फिकारांना लसूण सोलायला बसवलं होतं. निवेदन ते पडद्याआडून, लसूण सोलत सोलतच करत होते. मोबाइलवर चित्रीकरण करत रिझवाना पुढच्या दाराशी उभी होती.

मूळ नाटकात जहाज बुडत नाही. पिंपळकोंडात ते तीनदा बुडालं. थंडी इतकी लांबली की उपाशी माणसं मरून पुन्हा उठली आणि पुन्हा मेली. प्रियदर्शिनी मॅडमनी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, आणि जुल्फिकारांनी खुणेनं त्यांना ते परत सांगायला लावलं. लोक जांभया देऊ लागले. मागून अजून ‘भात उतरला’ची वर्दी नव्हती.

मग पेरणीचा प्रवेश आला. मुखिया ऋत्विकनं मुठीतली नाचणी अंगणभर फेकली आणि म्हणाला, “पाव्हण्या, आसं पेरायचं.”

“आरं, काय आसं?” प्रेक्षकांतून हैबती ओरडला. “नाचनी काय फेकतात? रोप लावतात रोप!” आणि धोतर सावरत तो सरळ रंगमंचावर आला. त्यानं वाकून, बोटांनी माती उकरून, रोप कसं लावायचं ते दाखवलं. दुसरा कोणी उठून म्हणाला, एवढं दाट नाय लावत. तिसरा म्हणाला, उतारावर दाटच पाहिजे. बघता बघता निम्मा गाव व्यासपीठावर होता. मुसैब मधे उभा. संहितेत त्याला इथे एकही वाक्य नव्हतं.

“आजोबा,” तो म्हणाला. कोणी ऐकलं नाही. मग त्यानं डोळे मिटले आणि पलीकडच्या डोंगरावरच्या गुराला मारावी तशी हाक मारली, “आजोबाऽ! पण पाणी कुठून आणायचं?”

सगळे गप्प झाले. हैबतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाण्याचं सांगितलं. मुसैबनं पुढचं विचारलं, मग त्याच्या पुढचं. गुरं येऊन खाल्ली तर? रानडुकरं आली तर? डुकरांचा विषय निघाल्यावर वेळेची चिंताच मिटली. पडद्याआड जुल्फिकार इतके खूश झाले की त्या भरात त्यांनी गरजेच्या दुप्पट लसूण सोलला.

शेवटी खिडकीतून कमरजहाँनी पळी हलवली. मुसैबनं पुढे येऊन आवतण दिलं, माइकशिवाय, आणि ते हैबतीच्या आंब्यापर्यंत गेलं असावं. जुल्फिकार टाळ्यांसाठी पुढे आले. एकही टाळी वाजली नाही. सगळा प्रेक्षकवर्ग उठला आणि हात धुवायला गेला.

पंगती चालल्या त्या उन्हं उतरेपर्यंत. लाउडस्पीकर तपासायला आलेले हवालदारही बसले. जुल्फिकार भात वाढायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “साहेब, कोणाचे मानले मग आभार?”

जुल्फिकारांनी मागच्या अंगणाकडे बघितलं. बायका आता कुठे जेवायला बसत होत्या. “मागच्या दारानं आलेल्यांचे,” ते म्हणाले. हवालदारांना काही कळलं नाही. त्यांनी आणखी थोडा भात घेतला.

अमेरिकन मॅडमचं उत्तर चार दिवसांनी आलं. नाटक तिला थोडं लांब वाटलं. पण पेरणी शिकवणाऱ्या वयस्कर नटाचं काम तिला फार आवडलं होतं, त्याच्यासाठी तिनं खास प्रमाणपत्र पाठवलं. जुल्फिकारांनी ते हैबतीला नेऊन दिलं. हे करताना त्यांच्या मनाला काय यातना झाल्या, ते उत्तेजनार्थ मिळालेल्यालाच कळेल.

आता मुद्द्याची गोष्ट. चूलबंद जेवलेलं घर ते तसंच ठेवून घेत नाही, उलटून बोलावतं. त्या दिवशी हात पुसत पुसतच हैबती म्हणाला होता, “फुडच्या आयतवारी आमच्याकडं. चूलबंद.” त्याच्या मागे त्याचा शेजारी होता, शेजाऱ्याच्या मागे आणखी कोणी. त्याच रात्री शहबाजचा फोन आला. तिकिटांचं काय, असं त्यानं विचारलं असावं, कारण रिझवाना बोटांवर रविवार मोजायला लागली. मग म्हणाली, “नाही येता येणार. जेवणं बाकी आहेत. रविवारी एक घर धरलं तरी पुढचा पावसाळा उलटेल. तूच ये सुट्टी काढून, तुलाही धरून बोलावलंय.”

जुल्फिकार पडवीत पेपर वाचत होते. त्यांनी तो उलटा धरला होता, पण कोणी काही म्हणालं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी कमरजहाँनी चहाचं आधण ठेवलं होतं. जुल्फिकार कप घेऊन शेजारीच उभे होते, कारण सकाळच्या चहाशिवाय त्यांचं माणसात येणं होत नाही. तेवढ्यात खालून वळणावरून ऋत्विकची आरोळी आली.

“मुसैऽब! आज तुमची चूल बंद हाय रं!”

मुसैब धावत स्वयंपाकघरात आला, आधणाखालचा गॅस त्यानं खट्कन बंद केला आणि चपला घालून पळाला. मागोमाग मेहविश पळाली. तिची एक चप्पल उंबऱ्यात आडवी पडून राहिली.

जुल्फिकार रिकामा कप हातात धरून त्या चपलेकडे बघत राहिले. ओरडायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं. मग वाकून चप्पल उचलली आणि तिला द्यायला वाडीकडे निघाले.